एक्स्ट्राची पिशवी

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर मुलं फेऱ्या घालू लागतात. सकाळी अजून अंगावर शाल हवीशी वाटते, पण एखादी मुलगी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून, पुस्तक छातीशी धरून, ओठ हलवत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत असते. पाठ केलेलं मधेच अडलं की ती थांबते, आकाशाकडे बघते आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालते. दहा वाजले की ऊन चटके देऊ लागतं. कोपऱ्यावर द्राक्षांची हातगाडी येते, तिच्यामागोमाग मधमाश्या येतात. समोरच्या कडुनिंबाची पिवळी पानं दारात पडत राहतात. झाडून पाठ वळवावी तर पुन्हा तेवढीच. पंचवटीतला मार्च असा निम्मा थंडीचा, निम्मा उन्हाचा असतो, आणि या दोन्हींच्या मधे दहावीची परीक्षा असते.

आमच्या घरात या दिवसांना नाव होतं. एक्स्ट्राचे दिवस. नाव शैलाने दिलेलं. शैला माझी पत्नी. गेल्या भाद्रपदात ती गेली.

ती इंग्रजी शिकवायची. सिन्नरच्या एका शाळेत तिने सगळी नोकरी केली, रोज एसटीने जाऊन-येऊन. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दिवसभर ती बोलायची आणि मी गप्प असायचो, त्यामुळे संध्याकाळी घरात बरोबर उलटं होईल असं लोकांना वाटे. तसं कधी झालं नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या मार्चमध्ये ती एका सकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि दीड तासाने रिकाम्या हाताने परत आली. मागच्या गल्लीतल्या शाळेत परीक्षेचं केंद्र असतं. फाटकाशी एक मुलगा रडकुंडीला आला होता, त्याचा पेन खिशातच गळला होता. हिने पर्समधला पेन दिला. मग एकीला पट्टी हवी होती, ती कुठून देणार? ‘‘अहो, पट्टी नव्हती माझ्याकडे,’’ ती मला असं सांगत होती की जणू तिने गुन्हाच केला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या चादरीच्या कापडाची पिशवी काढली, खांद्याला अडकवायची. तिच्यात पेन, पेन्सिली, खोडरबर, दोन पट्ट्या, एक पॅड, सेफ्टी पिना, रुमाल, गूळ-शेंगदाण्याची पुडी आणि माझं जुनं चावीचं घड्याळ. तेव्हापासून प्रत्येक वर्षी, प्रत्येक पेपरला, दहा वाजल्यापासून बेल होईपर्यंत ती फाटकाजवळच्या चिंचेखाली उभी राहायची. दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा तिचा नियम. घड्याळ मात्र दरवेळी आपणहून परत आलं. इतकं जुनं घड्याळ कुणाला नको असावं, असं मी म्हणायचो.

पिशवीला ती ‘एक्स्ट्राची पिशवी’ म्हणे, आणि माझा पुस्तकी जीव त्या शब्दावर अडे. ‘‘मराठीत शब्द नाहीत का? जादा म्हण. अतिरिक्त म्हण.’’

‘‘जादा एसटीच्या गाड्या असतात,’’ ती म्हणाली. ‘‘आणि अतिरिक्त म्हटलं की मला साहेबाची खुर्ची दिसते.’’

‘‘मग शिल्लक?’’

यावर ती थांबली. कांदा चिरत होती, सुरी तशीच हातात धरून विचार करू लागली. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कालचा भात शिल्लक असतो. एक्स्ट्रा भात आधीच लावलेला असतो. शिल्लक नंतर कळते हो. एक्स्ट्रा आधी ठरवावं लागतं.’’

मी शब्दकोशांच्या सहवासात आयुष्य घालवलं, पण इतकी नेमकी नोंद मला सुचली नसती. मी तिला तसं म्हणालो नाही. ‘‘कढईतलं तेल जळेल,’’ म्हणालो.

ही समजही तिला एका विद्यार्थिनीने दिली होती. वर्गात तिची एक पद्धत होती. नव्या शब्दाचं वाक्य गाइडमधून आणायचं नाही, घरातून आणायचं. त्या दिवशीचा शब्द होता ‘एक्स्ट्रा’. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘माय मदर मेक्स वन एक्स्ट्रा भाकरी.’’ वर्ग हसला. शैलाने विचारलं, कुणासाठी? मुलगी म्हणाली, ‘‘म्हाईत नाय बाई. कोन आलं तर.’’ घरी येऊन शैलाने हे मला दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याही डब्यात एक पोळी जास्त होऊ लागली. येणारं कुणी नसे, ती सकाळी मीच चहाबरोबर खाई.

तसा हा शब्द आता कुणाचाच राहिलेला नाही, सगळ्यांचा झाला आहे. मिसळीच्या टेबलावर बसलं की माणूस बसता बसता सांगतो, रस्सा एक्स्ट्रा. रिक्षावाला तीन जणांच्या जागेत चौथ्याला एक्स्ट्रा म्हणून घेतो. क्लासवाले एक्स्ट्रा तास घेतात, क्रिकेटवाल्या मुलांना एक्स्ट्रा धावांवरून भांडण सुचतं. आणि आमची नात ईरा, पुण्याला असते, ती तर भलत्याच अर्थाने वापरते. दिवाळीत ती पिशवीकडे बघून म्हणाली, ‘‘आजोबा, आजी किती एक्स्ट्रा होती ना!’’ मला ते लागलं. मग तिच्या आईने, म्हणजे आमच्या मुलीने, मुक्ताने, समजावलं की हल्लीच्या मुलांच्या भाषेत एखादी गोष्ट गरजेपेक्षा फार जीव लावून करणाऱ्याला तसं म्हणतात. थोडी चेष्टा असते, थोडं कौतुकही. मी विचार केला आणि ईराला म्हणालो, ‘‘होती खरी.’’

त्याच दिवाळीत मुक्ता म्हणाली होती, ‘‘बाबा, ही पिशवी कुणाला तरी देऊन टाकूया का? रोज समोर दिसते तुम्हाला.’’ मी ‘बघू’ म्हणालो. पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर होती, तिथेच राहिली.

आमच्या भागात दुःखाची नवलाई नाही. घाटावर रोज कुणी ना कुणी डोकं भादरून, ओल्या धोतराने उभं असतं; रस्त्यात अशी माणसं दिसली की रिक्षासुद्धा हॉर्न न वाजवता थांबतात. मीही तिथे उभा राहून आलो. गुरुजी शेजारच्याच गल्लीतले, विधी संपल्यावर त्यांनी चहा पाजला. लोक भेटायला आले, आणि जाताना बहुतेक जण एकच म्हणाले, आता तुम्ही एकटेच उरलात. त्यांचं चुकलं नाही. पण ‘उरलात’ हा शब्द ऐकला की मला कालच्या भाताचं पातेलं दिसायचं.

या वर्षी मार्च लागला. गच्च्यांवर मुलं फिरू लागली. मी तीन दिवस त्या खुंटीकडे बघितलं नाही. मी अनोळखी माणसाशी आपणहून बोललेलो नाही, कधीच. ग्रंथालयात माणसं माझ्याकडे यायची, मी त्यांच्याकडे जात नसे. फाटकाशी जाऊन उभं राहायचं, मुलांना हाका मारायच्या, हे काम माझं नव्हे. पण पिशवी मी यंदा नेली नाही, तर ती यापुढे नुसती आठवण म्हणून खुंटीवर राहील, आणि मग मुक्ता म्हणते तसं तिला देऊनच टाकावं लागेल, हेही मला दिसत होतं. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी ती उतरवली. आत डोकावलो. सगळं जिथल्या तिथे होतं. वर पेनांचा नवा डझनाचा खोका होता.

तो खोका मीच आणला होता, श्रावणात. शैला तेव्हा अंथरुणावर होती. ‘‘अहो, मार्चचे पेन आणून ठेवा,’’ ती म्हणाली. मी म्हणालो, आत्तापासून? ‘‘मार्चमध्ये गडबड होते,’’ ती म्हणाली. तिची रीत अशी की नवा पेन तसाच पिशवीत टाकायचा नाही. आधी एका वहीत चालवून बघायचा. घाबरलेल्या मुलाच्या हातात न चाललेला पेन देऊ नये, असं तिचं म्हणणं. त्या दुपारी तिने उशीला टेकून वही मांडीवर घेतली. मी दूध तापवायला आत गेलो. परत आलो तर वही मिटलेली होती, खोका बंद होता, ती झोपली होती आणि एक पेन चादरीवर पडला होता. तो मी उचलून खिशात ठेवला. तेव्हापासून तो माझ्या खिशातच होता. सही करायची वेळ आली तरी मी दुसऱ्याकडून पेन मागून घेत असे.

पिशवीचा बंद एका बाजूने उसवला होता. खांद्याला लावता येईना. मी ती काखेत धरून निघालो.

फाटकावरच्या शिपाईमामांनी मला ओळखलं नाही, पिशवीला ओळखलं. ‘‘बाई नाय आल्या यंदा?’’

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

‘‘मला कुनी बोललंच नाय,’’ ते म्हणाले. ‘‘दर साली मी म्हनायचो, बाई, खुर्ची देऊ का? तर म्हनायच्या, बसले तर पोरान्ला दिसनार नाय मी.’’ मग मला म्हणाले, ‘‘थांबा सर.’’ ते आतून लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. ‘‘तुमी बसा. तुमी उंच हाये, दिसता.’’

मी बसलो. पहिला अर्धा तास कुणीच आलं नाही. मुलं पालकांच्या घोळक्यात होती; आया दही-साखर भरवत होत्या, वडील शेवटच्या सूचना देत होते. एका मुलाने सेफ्टी पिन नेली. मी मनात म्हटलं, झालं, आलो ते पुरे.

बेल व्हायला काही मिनिटं असताना एक बाई धावत आली. मुलगी नव्हे, बाई; तिशीची असेल. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांपैकी.

‘‘मामा, कुनाकडं पेन हाये का? पाऊच गाड्यावरच राह्यलं माझं.’’

‘‘ओ ताई, बेल व्हईल आता, चला आत.’’

‘‘अवो मामा, आत जाऊन बोटानं लिहू का?’’

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभा राहिलो, खोका उघडला, एक पेन दिला. तिने तो तिथेच तळहातावर ओढला. काही उमटलं नाही. मी दुसरा दिला. तोही नाही. तिसरा तिने दाबून ओढला, तळहातावर नुसता पांढरा ओरखडा आला.

‘‘काका, तुमचे समदे मुके हायेत की!’’ ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. ‘‘तिसऱ्यांदा बसतीये मी. विंग्रजीच राह्यलंय फकस्त. बाकी समदं सुटलं.’’

मी चौथा काढला, स्वतःच्या तळहातावर ओढला. कोरा. शैलाच्या पिशवीतला पेन चालत नाही, हे होणंच शक्य नव्हतं. आत बेल झाली. मामा म्हणाले, ‘‘ताई!’’

माझा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तो थांबला. फार नाही, एक श्वास. मला एवढंच वाटलं की हा गेला तर तिच्या हातातलं शेवटचं काही माझ्याकडे राहणार नाही. आणि समोर तो तळहात होता, तीन कोरे ओरखडे असलेला, बोटांना मेथीचा हिरवा डाग.

मी पेन काढून दिला. तिने रेघ ओढली. निळी.

‘‘चालतो!’’ ती ओरडली, मुके पेन माझ्या हातात टाकले आणि पळाली. फाटक बंद झालं.

घरी आलो. पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्या कपाटातली ती वही काढली. या वहीत नुसत्या गिरगोट्या असतील असंच मी धरून चाललो होतो, म्हणून इतक्या महिन्यांत ती उघडलीही नव्हती. उघडली, तर प्रत्येक ओळ वेगळ्या पेनाची, आणि प्रत्येक ओळीत काहीतरी लिहिलेलं. वर्षानुवर्षांचे मार्च तिथे होते.

‘गवार निवडायची आहे.’

‘ह्यांचा खोकला कमी.’

‘मुक्ताचा फोन नाही. रुसली की काय.’

‘द्राक्षे यंदा आंबट, पण वास छान.’

‘आज न सांगता ह्यांनी चहा केला. साखर विसरले. मी बोलले नाही.’

मी खिडकीशी बसून वाचत राहिलो. खाली द्राक्षवाल्याची गिऱ्हाइकांशी घासाघीस चालली होती. जेवणाची वेळ टळून गेली. कुठेही मोठं वाक्य नव्हतं, माझ्याविषयी कौतुकाचा एक शब्द नव्हता. पण पानामागून पान मी त्या घरात होतो, खोकत, चहा करत, चष्मा शोधत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिची आठवण आली नाही, सोबत वाटली.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. अक्षर खाली उतरत गेलेलं.

‘पिशवीचा बंद उसवलाय. ह्यांना सांगायचे.’

खाली पान कोरं. म्हणजे त्या दुपारी तिने एकच पेन चालवला होता. बाकीचे अकरा तसेच होते, टोकावर कारखान्यातून आलेला मेणाचा बारीक ठिपका घेऊन. आणि जो एक चालवला होता, तोच मी खिशात ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याने पिशवी उलटीपालटी केली. ‘‘घट्ट मारून देतो,’’ तो म्हणाला, ‘‘आणि आत थोडी माया सोडतो. परत उसवली तर कापड शोधायला नको.’’ शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे मला ठाऊक होतं. शर्ट शिवायला टाकताना शंभरदा ऐकलं असेल. परतताना मी वाटेतच उभा राहिलो. शैला असती तर धावत जाऊन सांगितलं असतं: सापडला तुझ्या एक्स्ट्राला शब्द. ती नक्की म्हणाली असती, ‘‘बरा आहे. पण तुम्हाला फार उशीर लागला.’’

संध्याकाळी नदीकाठच्या बाजारात गेलो. पालेभाज्यांच्या गाड्यांच्या ओळीतून जाताना हाक आली, ‘‘ओ काका! पेनवाले काका!’’

तीच होती. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. मी विचारलं, पेपर कसा गेला?

‘‘ग्येला बगा. पत्र लिवलं, उतारा लिवला. एक प्रश्न राह्यला, जाऊ द्या. आवंदा निघंन असं वाटतंय.’’ मग जीभ चावून म्हणाली, ‘‘तुमचा पेन घरी हाये. आनून देते उद्या. काल पोराच्या शाळेच्या वहीवर त्याच पेनानं सही केली मी. पोरगं म्हनतंय, आई, लई टेचात करती तू सही!’’

‘‘राहू द्या तुमच्याकडे,’’ मी म्हणालो. ‘‘तो परत घ्यायचा नसतो.’’

असं म्हणताना दुखेल असं वाटलं होतं. दुखलं नाही. तो पेन माझ्या खिशात सहा महिने नुसता होता. तिच्याकडे तो चालत होता.

मी एक जुडी मेथी घेतली. तिने माझ्या भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीची मूठ कोंबली. मी नको म्हणालो. ‘‘असू द्या की. एक्स्ट्रा!’’ शेजारच्या गाड्यावरच्या म्हातारीने विचारलं, कोन गं हे? आणि ती तिच्याकडे वळून म्हणाली, ‘‘शाळंपाशी असत्यात नव्हं, खुर्ची टाकून? एक्स्ट्रावाले काका.’’

घरी परतताना मी नेहमीपेक्षा सावकाश चाललो. पुलावर वारा होता. कोथिंबिरीचा वास सगळ्या वाटेवर बरोबर आला.

आज दुपारी मी टेबलाशी बसलो आहे. उद्या पुढचा पेपर. पिशवीचा बंद घट्ट आहे, मी तो दोनदा ओढून पाहिला. समोर अकरा पेन, आणि शैलाची वही शेवटच्या पानावर उघडलेली. गच्चीवर कुणीतरी मोठ्याने सनावळ्या म्हणत आहे, आणि तेच साल त्याचं पुन्हा पुन्हा चुकत आहे.

पहिला पेन घेतला. समासात तीनचार रेघा ओढल्या, कोऱ्याच. मग मेण निघालं आणि निळं उतरलं. काय लिहावं ते थोडा वेळ सुचेना. मग तिच्या ओळीच्या बरोबर खाली लिहिलं:

‘बंद शिवून घेतला.’

पेन छान चालला. टोपण लावून मी तो पिशवीत ठेवला आणि दुसरा उचलला.